आजोबांचं रिव्हॉल्वर: किती जुनं आणि किंमत किती?

मधुरा_चरई | शनिवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. श्रावणात बाबा गेले. त्यांचं कपाट आवरताना सगळ्यात वरच्या कप्प्यात, शालींच्या मागे, आजोबांचं रिव्हॉल्वर मिळालं. मिळालं म्हणजे ते तिथे असतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण हात लावायचा नाही असा घरचा शिरस्ता. धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेलं, वर चामड्याचं म्यान, सगळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा वास. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर यायचं. बाबा पाटावर ठेवायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि दसऱ्याच्या संध्याकाळी परत कपाटात.

घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की १९३८ साली एका इंग्रज साहेबाने आजोबांच्या कामावर खूश होऊन ते बक्षीस दिलं. आजोबा १९८९ साली गेले, मग परवाना बाबांच्या नावावर झाला. परवान्यावर .३२ लिहिलंय. सोबत काडतुसांचा एक जुना खोका आहे, त्यावर स्मिथ अँड वेसन असं छापलेलं आहे. त्यामुळे नेरुळला राहणारा माझा भाऊ म्हणतो की हे अमेरिकन आहे, स्वातंत्र्यापूर्वीचं आहे आणि चांगलंच महाग असणार.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. ते खरंच किती जुनं आहे, आणि त्याची आज किंमत काय? विकायचं की ठेवायचं यावर घरात एकमत नाही. आधी नीट माहिती हाती असावी असं वाटतं.

---

सानपाडा_सुमित | शनिवार, रात्री १०.४१

ताई, स्मिथ अँड वेसन आणि तेही १९३८ चं? अमेरिकेतल्या लिलावांच्या साइट बघा, डोळे विस्फारतील. फोटो टाका लवकर!

---

ऐरोलीकर_वकील | शनिवार, रात्री ११.०५

मधुराताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. वयाचं आणि किमतीचं नंतर पाहू. आत्ता ते रिव्हॉल्वर कुठे आहे?

---

मधुरा_चरई | शनिवार, रात्री ११.१२

घरीच, त्याच कपाटात. परवाना पुढच्या वर्षापर्यंत वैध आहे.

---

ऐरोलीकर_वकील | शनिवार, रात्री ११.४८

इथेच बहुतेक घरांची चूक होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, शस्त्राचा किंवा घराचा नसतो. बाबा गेले त्या दिवशी तो संपला, वरची तारीख काहीही असो. आज तुमच्या घरात विनापरवाना शस्त्र आहे. तुम्हा बहीणभावांचा हेतू स्वच्छ आहे हे मला कळतं, पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमातलं कलम २५ हेतू विचारत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बाळगण्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे.

वाटही त्याच कायद्यात आहे. कलम २१ प्रमाणे वारसाने विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. काडतुसंही. तो खोका विसरू नका, त्यालाही तोच कायदा लागतो. जमा केल्याने मालकी जात नाही. वस्तू तुमचीच राहते, फक्त ताबा योग्य ठिकाणी जातो.

त्यानंतर वारसाने स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं, वैद्यकीय दाखला लागतो, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. भाऊ नेरुळला असेल तर त्याचा अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात, तुम्ही केलात तर ठाणे आयुक्तालयात.

उद्या रविवार असला तरी ठाणं उघडं असतं. वेळ घालवू नका.

---

निवृत्त_फौजदार | रविवार, सकाळी ७.३०

वकीलसाहेबांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी नोकरीतली काही वर्षं परवाना शाखेत काढली आहेत, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी.

पिशवीत घालून रिक्षाने ठाण्यावर जाऊ नका. वाटेत नाकाबंदी असली तर समजावून सांगता सांगता दिवस जाईल. आधी साध्या कागदावर अर्ज लिहा: वडील अमुक तारखेला वारले, परवाना क्रमांक अमुक, शस्त्र आणि एवढी काडतुसं जमा करायची आहेत. मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. अर्ज घेऊन ठाण्यात जा, अंमलदाराला भेटा आणि शस्त्र कसं आणायचं ते त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा एखादा शिपाई घरी सोबत येतो.

तोवर त्याला हात लावायचा नाही. चाप ओढून बघायचा नाही, घोडा मागे करून बघायचा नाही. रिकामंच आहे हे वाक्य मी ज्या ज्या पंचनाम्यात लिहिलंय ते सगळे मला अजून आठवतात.

जमा केल्याची पावती घ्या. त्यावर बनावट (म्हणजे कुठल्या कंपनीचं), बोअर (म्हणजे नळीच्या आतला व्यास, तुमचं .३२) आणि नंबर तिन्ही असलं पाहिजे. निवडणुकीच्या वेळी शस्त्रं जमा होतात तेव्हा घाईत नुसतं 'एक रिव्हॉल्वर' असं लिहिलेल्या पावत्या मी पाहिल्या आहेत. परत घ्यायला येतात तेव्हा फार मनस्ताप होतो.

---

कोपरी_कट्टा | रविवार, सकाळी ९.१५

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. कशाला ठेवायचं? घरात पोरंबाळं असतात. पोलिसांना कायमचं देऊन टाका आणि मोकळे व्हा. आजोबांची आठवण म्हणून त्यांचा चष्मा असेल, पेन असेल. माणूस मारायच्या वस्तूची आठवण जपायची ही कल्पनाच मला पटत नाही.

---

तलावपाळी | रविवार, सकाळी ९.४०

आमच्या घराण्याची शस्त्रपरंपरा जांभळी नाक्यावरून दिवाळीत आणलेल्या टिकल्यांच्या पिस्तुलावर थांबली. टिकल्यांची गुंडाळी तीन वेळा वाजली की अडकायची, मग आम्ही टिकल्या दगडाने फोडायचो. तेव्हा कोपरी_कट्टा, आमचं घर सुरक्षित आहे 😀

मधुराताई, आधी जमा करा. धागा कुठे जात नाही.

---

वागळे_टूलरूम | रविवार, दुपारी १.२०

जमा करताना विक्रेत्याकडे करणार असाल तर एक विनंती. त्याला ते उघडून रिकामं असल्याची खात्री करू द्या आणि मग त्याच्याच हातात असताना खुणांचे फोटो घ्या. वय त्या खुणांत लिहिलेलं असतं. मी वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, धातूवरचे ठप्पे वाचणं हा आवडीचा विषय.

पहिली गोष्ट. काडतुसांच्या खोक्यावर स्मिथ अँड वेसन आहे म्हणून हत्यार स्मिथ अँड वेसन ठरत नाही. '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग' हे काडतुसाच्या जातीचं नाव आहे. ते काडतूस डझनभर कंपन्यांच्या रिव्हॉल्वरमध्ये चालतं. आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वरही तेच खातं. पायजम्याच्या नाडीवर गिरणीचं नाव असलं म्हणून पायजमा त्या गिरणीचा होत नाही, तसंच.

दुसरी गोष्ट, नळीवर पेटंटची तारीख असली तर ते उत्पादनाचं वर्ष समजू नका. पेटंट जुनं असतं आणि माल पुढे वीस-तीस वर्षं निघत राहतो. एवढंच कळतं की त्या तारखेच्या आधीचं नाही.

आता बघायचं काय. ते कसं उघडतं? चक्री, म्हणजे काडतुसं बसतात तो गोल भाग, डाव्या बाजूला बाहेर येते, की मागचा खटका दाबला की नळीच पुढे खाली वाकते? नळी वाकत असेल तर वेब्ली या इंग्लिश कंपनीचं असण्याची शक्यता मोठी. मग नळीच्या बुडाशी, चक्रीवर आणि सांगाड्यावर बारीक ठप्पे शोधा: मुकुट आणि त्याखाली अक्षरं. इंग्लंडमध्ये प्रत्येक हत्यार विक्रीआधी प्रूफ हाऊसमध्ये जायचं. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवायचे आणि टिकलं तर ठप्पा मारायचे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासूनचं. ठप्प्यांची अक्षरं काळाप्रमाणे बदलत गेली, त्यावरून काळ पकडता येतो.

तिसरं, नंबर. सांगाड्यावरचा, नळीवरचा आणि चक्रीवरचा जुळतो का ते बघा.

आणि घासूपुसू नका. पितळेची भांडी घासायची पावडर, पॉलिश पेपर, काहीही नको. जुना निळा-काळा रंग गेला की किंमतही गेली आणि ठप्पेही.

---

मीनल_वाशी | रविवार, दुपारी ३.०५

नावावरून आमच्याकडे काय झालं ते सांगते. माझ्या सासऱ्यांकडे होतं त्यावर इंग्रजीत एवढं मोठं वाक्य आणि त्यात स्मिथ अँड वेसन हे शब्द. सगळं घर अमेरिकन म्हणायचं. नंतर जाणकाराने वाक्य पूर्ण वाचलं: 'या काडतुसासाठी' असा अर्थ होता. हत्यार स्पेनमधल्या एबार गावचं. तिकडच्या छोट्या कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन रिव्हॉल्वरच्या हुबेहूब नकला केल्या होत्या, त्यातलं एक.

सासरे दोन दिवस जेवले नाहीत नीट. किंमत कमी झाली म्हणून नाही. चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगितलेलं खोटं ठरलं म्हणून.

---

सानपाडा_सुमित | रविवार, दुपारी ४.३०

बापरे. मग माझ्या मामांच्या गावी एक आहे त्याचं काय? चांगलं दणकट, .४५५ लिहिलंय, नळी वाकते, आणि एक बाणासारखी खूण आहे.

---

वागळे_टूलरूम | रविवार, सायंकाळी ५.१०

सुमित, ते लष्करी वेब्ली असणार. रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने ते सेवेतून काढून विकलं होतं. .४५५ वेब्लीचं पहिलं लष्करी मॉडेल १८८७ चं, मार्क सहा १९१५ पासूनचं. मार्क सहाची नळी सहा इंची आणि मूठ खालून चौकोनी. आधीच्यांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. १९३२ मध्ये सैन्याने .३८ चं एनफिल्ड घेतलं. एनफिल्डवर बहुधा वर्षच ठोकलेलं असतं, तिथे डोकं खाजवावं लागत नाही.

---

निवृत्त_फौजदार | रविवार, सायंकाळी ५.२५

सुमित, मामांचा परवाना आहे का ते आजच फोन करून विचार. .३८ आणि .४५५ ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये धरतात. त्याचे परवाने केंद्रीय गृहखात्याकडून येतात. शंभर वर्षं जुनं आहे, शोभेचं आहे, हे कारण चालत नाही. कायद्यातली सूट फक्त दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे, आणि ते उडणार नाही हे मामांनी ठरवायचं नसतं.

---

जुन्या_मुंबईचा | रविवार, रात्री ८.५०

थोडं अवांतर. नळीवर विक्रेत्याचं नाव कोरलेलं असलं तर तोही मोठा धागा असतो. काळा घोड्याला जी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे, ती लंडनच्या त्याच नावाच्या सहकारी भांडाराची मुंबई शाखा. साहेबलोकांना तिथे लोणच्यापासून बंदुकीपर्यंत सगळं मिळायचं आणि हत्यारांवर भांडाराचं नाव असायचं. कलकत्त्याला रॉडा कंपनी होती. २६ ऑगस्ट १९१४ रोजी त्याच कंपनीच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं क्रांतिकारकांनी भर दिवसा बैलगाडीतून पळवली. हत्याराच्या नळीवरचं दुकानाचं नाव वाचताना मला नेहमी ती बैलगाडी दिसते.

---

तलावपाळी | रविवार, रात्री ९.०२

जुन्या_मुंबईचा, यावर स्वतंत्र धागा काढाच. वाचनखूण साठवली.

---

मधुरा_चरई | बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. जमा झालं. क्रमाने सांगते.

सोमवारी सकाळी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले. फौजदारकाकांनी लिहिलं होतं अगदी तसंच झालं, एक शिपाई घरी आले. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायला लेखी परवानगी दिली आणि शिपाई दुकानापर्यंत सोबत होते. खोक्यात अकरा काडतुसं होती, तीही दिली. पावतीवर बनावट, बोअर, नंबर तिन्ही आहे. मी समोर उभं राहून लिहून घेतलं.

दुकानातले काका वयस्कर होते. त्यांनी म्यानातून ते काढलं, तोंड भिंतीकडे केलं आणि अंगठ्याने मागचा खटका दाबला. नळी पुढे झुकली आणि मधून एक चांदणीसारखा तुकडा वर आला. सहाही भोकं रिकामी होती, त्यातून दुकानाची ट्यूबलाइट दिसत होती. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा ते उघडलेलं पाहिलं. बाबांनी कधी उघडलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

आता खुणा. डाव्या बाजूला पंख असलेली गोळी. इंग्रजीत मार्क फोर आणि .३२. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. नळीवर आणि चक्रीवर मुकुट, त्याखाली बी एन पी ही अक्षरं. दुसरे कुठले मुकुट काकांना भिंगातूनही दिसले नाहीत. दुकानाचं नाव कोरलेलं नाही. नंबर सगळीकडे तोच. मुठीच्या दोन पट्ट्या वेगळ्या आहेत: उजवी काळी, रबरासारखी, तिच्यावर वेब्ली असं नाव. डावी लाकडी.

फोटो दिलेत. नंबर झाकलाय.

---

वागळे_टूलरूम | बुधवार, रात्री ११.४०

मधुराताई, फोटो मोठे करून तासभर पाहिले. फार व्यवस्थित काढलेत.

वेब्ली अँड स्कॉट ही कंपनी या नावाने १८९७ पासूनची, पंखवाली गोळी ही तिचीच निशाणी. पण आता जे लिहितोय ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. १९३८ ची गोष्ट या हत्याराला लागू होत नाही.

कारण तो मुकुटाखालचा बीएनपी. १९०४ पासून बर्मिंगहॅमला मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी असे वेगवेगळे ठप्पे मारायचे. बीएनपी हा एकत्र ठप्पा १९५४ च्या नियमांनी आला आणि १९५५ पासून वापरात आला. म्हणजे तुमचं रिव्हॉल्वर १९५५ किंवा त्यानंतर प्रूफ झालेलं आहे. इंग्रज साहेब तोवर बोटीत बसून गेला होता.

लाकडी पट्टी कारखान्याची नाही. शिसवीची आहे आणि हाताने केलेली आहे. खालच्या कोपऱ्यात कानशीचे तिरके ओरखडे दिसतात. उजव्या पट्टीवरच्या चौकटी नक्षीची नक्कल करायला कुणीतरी पटाशीने रेघा मारल्यात आणि अर्ध्यावर सोडून दिल्यात. ज्याने केलं तो सुतार चांगला होता, स्क्रूचं भोक अगदी केंद्रात आहे.

---

सानपाडा_सुमित | गुरुवार, सकाळी ८.१०

टूलरूमकाका, पण जुनं हत्यार नंतर परत प्रूफला गेलं असेल तर? बनलं १९३८ ला, ठप्पा १९५५ चा, असं नाही का होऊ शकत? मी रात्री वाचत बसलो होतो. युद्धातली .३८ वेब्ली सैन्याने नंतर विकली तेव्हा त्यांच्यावर नवे ठप्पे पडले असं दिसतंय.

---

वागळे_टूलरूम | गुरुवार, सकाळी ९.००

शाब्बास, प्रश्न बरोबर आहे. होऊ शकतं. प्रूफची तारीख आणि जन्मतारीख एकच असते असं नाही.

पण इथे दोन गोष्टी आडव्या येतात. .३२ हे ब्रिटिश सैन्याचं बोअर नव्हतं, त्यामुळे सैन्याने विकलेल्या मालाची शक्यता नाही, आणि बाणही नाही. दुसरं, १९३८ साली हे दुकानात विकलं गेलं असतं तर तेव्हाचे बीव्ही, बीपी, एनपी हे ठप्पे असायलाच हवेत. नवे मारताना जुने खोडत नाहीत. दुकानदारांना भिंगातूनही दुसरा मुकुट दिसला नाही. म्हणून मी पैज लावायला तयार आहे, १९५५ किंवा पुढचं.

---

मीनल_वाशी | गुरुवार, सकाळी १०.३०

मधुरा, आमच्या सासऱ्यांसारखं करू नकोस. जेवून घे 🙂

---

मधुरा_चरई | गुरुवार, दुपारी १२.१५

जेवले मीनलताई. पण खरं सांगते, थोडं लागलं. बाबा ही गोष्ट दर खंडेनवमीला सांगायचे. आता किमतीचंही सांगून टाका कुणीतरी. दुकानातल्या काकांनी एक आकडा सांगितला, भावाने फोनवर दुसऱ्या दुकानात विचारलं तर त्यांनी जवळजवळ अडीचपट सांगितला.

---

ऐरोलीकर_वकील | गुरुवार, दुपारी २.४०

आकड्याच्या आधी बाजार समजून घ्या. अमेरिकेतल्या लिलावाचा भाव तुमच्या कामाचा नाही. तिथे हे पाठवता येणार नाही आणि तिथून इथे कुणी आणूही शकत नाही. ऐंशीच्या दशकापासून खासगी माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळपास बंद आहे. त्यामुळे जे परदेशी .३२ देशात आहेत तेवढेच फिरतात आणि त्यांचे भाव परदेशी भावाशी जुळत नाहीत.

पण घेणारेही मोजकेच. ज्याच्याकडे परवाना आहे आणि त्यावर जागा आहे तोच घेऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांनाही काढावं लागलं. विकायचं तर घेणाऱ्याचं नाव देऊन जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. ही सगळी अडथळ्यांची शर्यत दुकानदार स्वतःच्या आकड्यातून वजा करतो. म्हणून पहिला कमी सांगतो. दुसऱ्याने वस्तू न बघता फोनवर सांगितलंय, त्या आकड्याला मी अर्थच देत नाही.

---

वागळे_टूलरूम | गुरुवार, सायंकाळी ६.२०

वकीलसाहेबांशी सहमत. तुलनेला एक आकडा देतो. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्वर काढलं, त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्याला नुसतं वापरायचं आहे तो माणूस तुमच्या वेब्लीकडे बघताना मनात नव्याचा भाव धरूनच बोलणार.

वेब्लीचं नाव चालतं, नंबर जुळतात, रंग सत्तर टक्के शाबूत दिसतो, या जमेच्या बाजू. खर्चाच्या बाजूला ती लाकडी पट्टी. शिवाय दोन स्क्रूच्या खाचा कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने खाल्ल्यात. संग्राहक या गोष्टी आधी बघतो.

---

सानपाडा_सुमित | गुरुवार, सायंकाळी ६.५०

मग जुनी काळी पट्टी शोधून बसवली तर?

---

वागळे_टूलरूम | गुरुवार, सायंकाळी ७.१५

भाव चार पैसे वाढेल. पण मी असतो तर हात लावला नसता. ती पट्टी कुणी केली ते आधी कळू दे.

---

आज्जी_घणसोली | गुरुवार, रात्री ८.३०

मधुरा बाळा, तुमच्यात आजोबांच्या पिढीचं कुणी आहे का? आत्या, काकू, आजोबांच्या ऑफिसातलं कुणी? हत्यार बोलत नाही, माणसं बोलतात. आणि आजच विचार. आमच्यासारख्यांचा भरवसा धरू नये.

---

निवृत्त_फौजदार | गुरुवार, रात्री ९.१०

आज्जी म्हणतात ते कराच. शिवाय जुनं परवान्याचं पुस्तक शोधा. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ सालचं. त्याआधीचा परवाना असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या सहीचा असेल. आजोबांचं मूळ पुस्तक सापडलं तर खरेदीची नोंद आतच असते. लोक हे पुस्तक फेकत नाहीत, रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांत असतं.

---

मधुरा_चरई | रविवार, रात्री ११.००

काल डोंबिवलीला मोठ्या आत्याकडे जाऊन आले. ती शहाऐंशी वर्षांची आहे. फोटो दाखवले. तिने चष्मा पुसला, पट्टीचा फोटो बघितला आणि पहिलं वाक्य बोलली, "अगं, साहेबाने दिलं ते घड्याळ. हे कामाचं."

आजोबा १९३८ ला एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली कारकून होते, तो विलायतेला जाताना त्याने खिशातलं घड्याळ दिलं. ते घड्याळ आत्याच्याच लग्नात तिच्या सासऱ्यांकडे गेलं. घरात वस्तू उरली एक आणि गोष्ट उरली एक, त्या दोघी एकमेकींना चिकटल्या असणार.

रिव्हॉल्वर वैतरणेचं. मोडकसागर धरणाचं काम चालू होतं तेव्हा आजोबा एका कंत्राटदाराकडे रोखपाल होते. दर शनिवारी मजुरांचा पगार ठाणे शहरातून न्यायचा, कसारा लाइनच्या गाडीने आणि पुढे जीपने. जंगलातला रस्ता, आणि पत्र्याच्या पेटीत रोकड. एकदा वाटेत जीप अडवली गेली. पेटी वाचली, पण चालकाचं डोकं फुटलं. त्यानंतर कंत्राटदाराने आजोबांना परवाना काढायला लावला. आत्या तेव्हा शाळकरी होती. तिला आठवतं की शनिवारी आजी देवापुढे दिवा लावून बसायची आणि आजोबांची चप्पल दारात वाजली की उठायची. आजोबांनी ते कुणावर एकदाही उडवलं नाही, असं आत्या म्हणते. काडतुसांच्या खोक्यात ५० असायची मग ३९ कुठे गेली, असं मी विचारलं. ती म्हणाली, धरणावर सरकारी माणूस निशाणी शिकवायला यायचा, त्यात गेली असतील.

पट्टी तिथेच फुटली, खडकावर पडून. धरणावर लाकडी साचे करणारा एक सुतार होता, त्याने जेवणाच्या सुट्टीत करून दिली. रेघा अर्ध्या राहिल्या कारण भोंगा झाला. टूलरूमकाका, हे ऐकताना मला तुमचा प्रतिसाद आठवला आणि अंगावर काटा आला.

आणि फौजदारकाका, पुस्तक सापडलं. विम्याच्या कागदांत. वर मुंबई राज्य असं छापलेलं, १८७८ च्या जुन्या शस्त्र कायद्याखालचं. आत खरेदीची नोंद: नवीन वेब्ली .३२, १९५६. नंबर पावतीवरच्या नंबरशी जुळला.

---

वागळे_टूलरूम | रविवार, रात्री ११.२५

१९५६. धरण १९५७ ला पूर्ण झालं. ठप्प्याशी, कामाशी, सगळ्याशी बसतंय. भोंग्याचं वाचून मी खुर्चीतून उठलो. आमच्याकडेही भोंगा झाला की हातातली कानस तिथेच राहायची.

त्या पुस्तकाच्या प्रती काढा आणि शस्त्राच्या कागदांबरोबर ठेवा. उद्या विकलंत तरी याच नोंदीमुळे दोन पैसे जास्त येतील. पट्टी बदलू नका.

---

कोपरी_कट्टा | सोमवार, सकाळी ८.००

माझं घरातल्या शस्त्राबद्दलचं मत तेच आहे. पण कायमचं देऊन टाका असं मी लिहिलं होतं ते मागे घेतो. हे वितळवण्याचं नाही. परवाना मिळेपर्यंत आणि नंतरही दुकानाच्या तिजोरीतच राहू द्या, एवढंच म्हणेन.

---

जुन्या_मुंबईचा | सोमवार, सकाळी ९.२०

आज मुंबईत नळ सोडताना वैतरणेच्या पाण्यामागे शनिवारची ती पेटी आठवणार. मधुराताई, आत्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, कृपया.

---

मधुरा_चरई | सोमवार, रात्री १०.१०

रेकॉर्ड केलंय, चाळीस मिनिटं.

भावाशी बोलणं झालं. तो नवी मुंबईला वारस म्हणून अर्ज करणार, मी ना-हरकत देणार. विकायचा विषय सध्या बाजूला ठेवलाय. परवाना मिळाला तरी ते दुकानातच राहील, कोपरी_कट्टा म्हणतात तसं. प्रशिक्षणाच्या दाखल्यासाठी तो पुढच्या आठवड्यात चौकशीला जातोय.

म्यान घरीच आहे, त्याला परवाना लागत नाही ना? या खंडेनवमीला पाटावर तेच ठेवीन म्हणते, आणि शेजारी ते पुस्तक.

---

निवृत्त_फौजदार | सोमवार, रात्री १०.३५

म्यानाला काही लागत नाही, खुशाल ठेवा. हळदकुंकू मात्र चामड्यावर ओलं लावू नका, डाग जात नाही आणि टाके कुजतात. नुसतं फूल वाहा.

आणि जमा केल्याच्या पावतीची आजच झेरॉक्स काढा. दुकानातल्या त्या पावत्यांची शाई सहा महिन्यांत उडते.